बँकेचं ‘अपग्रेड’ सुरू असताना तुमचा बॅलन्स नेमका कुठे असतो?

१३ जुलै २०२४. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी पहाटे ३ पासून दुपारी साडेचारपर्यंत, तब्बल साडेतेरा तास, एचडीएफसी बँकेचं सिस्टीम अपग्रेड चाललं होतं. ग्राहकांना आधीच मेसेज गेले होते. एनईएफटी, आयएमपीएस, ऑनलाइन ट्रान्सफर बंद. एटीएममधून ठरावीक रक्कमच निघणार. यूपीआय पहाटे ३ ते पावणेचार बंद आणि पुन्हा सकाळी साडेनऊ ते पावणेएक बंद.

आता शनिवारी सकाळी साडेनऊ ते पावणेएक म्हणजे मीरा रोडला काय वेळ असते, हे सांगायला नको. भाजी, मासळी, वाणसामान, सगळं त्याच वेळात. चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लावलेल्या शहरात खिशात रोख नसेल तर माणूस अडकतोच.

पण त्या सूचनांमध्ये एक ओळ होती, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. अपग्रेड चालू असताना खात्यात दिसणारी शिल्लक ही १२ जुलैच्या संध्याकाळी साडेसातची असेल, असं बँकेने सांगितलं होतं.

म्हणजे ९ कोटींहून जास्त ग्राहकांच्या हिशोबाचं घड्याळ आदल्या संध्याकाळी थांबवलं होतं. का? आणि तोवर खरा हिशोब कुठे होता?

हे समजून घ्यायचं तर आधी बँकेचा डेटा राहतो कुठे, ते बघायला लागेल.

चाळीस घरं, चाळीस पिंपं

बँक एका दिवसात कॉम्प्युटरवर आली नाही. आधी बचत खात्यांची सिस्टीम आली, मग कर्जाची, मग एटीएम, मग क्रेडिट कार्ड, मग एसएमएस, मग मोबाइल ॲप, मग केवायसीच्या कागदांचे स्कॅन. प्रत्येक वेळी नवा विक्रेता आला आणि येताना आपला सर्व्हर आणि आपल्या डिस्कचं कपाट घेऊन आला. पंधरा-वीस वर्षांनी डेटा सेंटरमध्ये बघावं तर निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या कंपन्यांची कपाटं रांगेत उभी. काहींचे सुटे भागही मिळत नाहीत. काही कपाटं अशी, की ती सांभाळणारा माणूस रिटायर झाला की सगळ्यांनी देव पाण्यात ठेवायचे.

मीरा-भाईंदरकरांना हे पाण्याच्या भाषेत पटकन कळेल. समजा एका सोसायटीत चाळीस घरं आहेत आणि गच्चीवर सामाईक टाकीच नाही. प्रत्येकाने आपापलं पिंप भरून ठेवलंय. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलंय, त्यांचं पिंप काठोकाठ भरलेलं. दुसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत, तिथे ठणठणाट. इमारतीत एकूण पाणी पुरेसं आहे, पण ते इकडून तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या मजल्यावाला आणखी एक पिंप विकत आणतो.

बँकेच्या डिस्कचं अगदी असंच होतं. कर्ज विभागाच्या कपाटात निम्मी जागा रिकामी, आणि मोबाइल बँकिंगच्या कपाटात जागा संपली म्हणून नवी खरेदी. प्रत्येक कपाटाला वीज लागते, एसी लागतो, वर्षाचा मेंटेनन्स करार लागतो.

यावरचा उपाय सोसायटीला माहीत असतो. गच्चीवर एक मोठी टाकी बांधा आणि सगळ्या घरांना तिथून पाइप द्या. डेटाच्या जगात यालाच ‘स्टोरेज कन्सॉलिडेशन’ म्हणतात. सगळा डेटा एका मोठ्या साठ्यात आणायचा आणि सर्व्हरना तो एका खास जाळ्यातून पुरवायचा. या जाळ्याला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ किंवा थोडक्यात ‘सॅन’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एचडीएफसीने त्या शनिवारी आपली कोअर बँकिंग सिस्टीम नव्या ‘इंजिनीअर्ड प्लॅटफॉर्म’वर हलवली. या उद्योगात त्या शब्दाचा अर्थ सर्वसाधारणपणे असा की प्रोसेसर, स्टोरेज आणि नेटवर्क सुटं सुटं विकत न घेता एकमेकांसाठीच बनवलेला संच घ्यायचा. टाकी, पंप आणि पाइप एकाच कंपनीचे, एकमेकांना जुळवलेले.

फायदा फक्त जागेचा नाही

टाकी एक झाली की बरीच कामं सोपी होतात. तुमचं पॅन कार्ड बचत खातं उघडताना स्कॅन झालं, मग गृहकर्जाला, मग क्रेडिट कार्डाला. तीच फाइल तीन कपाटांत तीनदा साठलेली असते. एकत्र साठ्यात सिस्टीम ओळखते की हे तुकडे हुबेहूब सारखे आहेत, आणि एकच प्रत ठेवून बाकी ठिकाणी नुसती खूण ठेवते.

दुसरा फायदा वेगाचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि तिच्यावर एक छोटा हात सरकत जाऊन माहिती वाचतो. ग्रामोफोनची आठवण यावी असाच प्रकार. हवी ती जागा सापडायला काही मिलिसेकंद जातात. फ्लॅश स्टोरेजमध्ये हलणारा भागच नसतो, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं. एका व्यवहाराला हा फरक जाणवणार नाही. पण जुलै २०२४ या एका महिन्यात देशात १,४०० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले, आणि प्रत्येक व्यवहारात पैसे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन्हीकडच्या नोंदी होतात. तिथे मिलिसेकंदांचे तास होतात.

२०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा बँकांच्या कित्येक सिस्टीम दिवसाला थोडेच व्यवहार करणारा ग्राहक गृहीत धरून बांधलेल्या होत्या. दहा रुपयांच्या कटिंगसाठी आपला खतावणीचा मुख्य डेटा उघडावा लागेल, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

टाकीचा व्हॉल्व्हच बंद झाला तर?

आता दुसरी बाजू. पिंपं होती तेव्हा एक फुटलं तर एकाच घराचं पाणी जायचं. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला की सगळी इमारत कोरडी.

हे मुंबईत प्रत्यक्ष घडलंय, आणि तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या शेअर बाजारात.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बिघडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. पण शेअर बाजार नेहमीसारखा चालू राहिला, कारण अशा दिवसासाठी जनरेटर आणि पर्यायी व्यवस्था तयार होती. सगळ्यांनी कौतुक केलं.

चारच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२१ ला, वीज व्यवस्थित असताना नॅशनल स्टॉक एक्स्चेंज बंद पडलं. सकाळी दहाच्या सुमाराला निफ्टीचे आकडे हलायचे थांबले. पावणेबाराच्या आत बाजार थांबवावा लागला, तो पुन्हा उघडला दुपारी पावणेचारला. त्या दिवशी ट्रेडिंग संध्याकाळी ५ पर्यंत वाढवावं लागलं. पण बाजार पुन्हा उघडणार आहे हे कळायच्या आत अनेक ब्रोकरनी ग्राहकांचे सौदे दुसऱ्या बाजारात जाऊन बंद केले होते. तोटा ज्यांच्या पदरात पडला त्यांना ‘सॅन’ हा शब्दही माहीत नव्हता.

एनएसईने नंतर जे कारण दिलं ते वाचण्यासारखं आहे. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या. एक गेली तर दुसरी, असा हिशोब. मार्गावरच्या खोदकाम आणि बांधकामामुळे दोन्हींत बिघाड झाला. एवढ्याने खरं तर मुख्य केंद्र बंद पडायला नको होतं. पण लाइन अस्थिर झाल्यावर सॅन अनपेक्षितपणे थांबलं आणि सर्व्हरना मुख्य साठ्यातला डेटाच मिळेना. सौदे जुळवणारी यंत्रणा ठीक होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा त्या साठ्यावर अवलंबून होती. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं.

मुंबईत रस्ता खोदला जाणार, हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही. तरी दोन कंपन्यांच्या दोन लाइन म्हणजे दोन स्वतंत्र वाटा, असं कागदावर धरलं गेलं.

इथे एक तांत्रिक पेच आहे. दोन केंद्रांत डेटा तंतोतंत सारखा ठेवायचा असेल, तर प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्यावरच ‘झालं’ म्हणायचं. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबईतल्या मुंबईत हे परवडतं. मुंबई ते चेन्नई परवडत नाही, कारण जाऊन-येऊन दहा मिलिसेकंदांच्या वर वेळ जातो आणि प्रत्येक नोंद तेवढी अडून राहते. म्हणून मोठ्या वित्तीय संस्था तीन जागा ठेवतात. मुख्य, जवळची आणि लांबची. जवळच्या जागेत शेवटच्या क्षणापर्यंतचा डेटा असतो, लांबच्या जागेत तो थोडा मागे असतो, पण मुंबईवर भूकंप किंवा महापूर आला तरी ती वाचते.

एनएसईचं लांबचं केंद्र होतं. पण त्या दिवशी कारभार तिकडे हलवला गेला नाही, आणि सेबीच्या कारवाईत हाच मुद्दा कळीचा ठरला. पुढे २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता दोघांची मिळून ७० कोटींहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवलं.

मग त्या शनिवारी काय चाललं होतं?

पुन्हा १३ जुलैकडे येऊ. डेटा एका साठ्यातून दुसऱ्यात नेणं म्हणजे घर बदलताना सामान टेम्पोत भरणं नव्हे. घर बदलताना तुम्ही दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवू शकता. बँकेत सामान हलवत असताना प्रत्येक भांड्यात कुणीतरी काहीतरी टाकत असतो किंवा काढत असतो.

म्हणून अशा कामात सहसा आधी, कित्येक दिवस किंवा आठवडे, जुन्या साठ्याची नक्कल नव्यात उतरवत राहतात. बँक चालूच असते. मग रोजचे बदल तेवढे मागोमाग पाठवायचे. नवा साठा जुन्याच्या अगदी पाठीवर आला की एक क्षण ठरवायचा, जिथे जुनी वही मिटायची आणि नवी उघडायची. त्या आधी एका वेळेची शिल्लक गोठवून बाजूला ठेवतात. मधल्या काळात एटीएम आणि कार्ड या गोठवलेल्या यादीकडे बघून पैसे देतात आणि झालेले व्यवहार वेगळ्या टिपणात लिहून ठेवतात. खरी वही उघडली की टिपण त्यात उतरवायचं. दुकान बंद असताना मालकाच्या मुलाने चिठ्ठीवर उधारी लिहून ठेवावी, तसं.

एटीएमवर मर्यादा का असते, तेही यातूनच कळतं. यादी आदल्या संध्याकाळची आहे. त्यानंतर तुम्ही दुसरीकडे किती खर्च केलात हे मशीनला माहीत नसेल, तर बँक जास्त जोखीम कशाला घेईल?

सगळ्यात जास्त वेळ डेटा हलवायला लागतो असं वाटतं. पण घाम फुटतो तो रुजवातीत. जुन्या साठ्यात जेवढी खाती तेवढीच नव्यात आहेत का, एकूण ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळते का, काल मुदत संपलेली एफडी दोन्हीकडे सारखीच दिसते का. आणि एक वेळ आधीच ठरलेली असते, जिच्या आत काही चुकलं तर सगळं सोडून जुन्या साठ्यावर परत यायचं. ती उलटून गेली, ग्राहकांचे नवे व्यवहार नव्या वहीत पडायला लागले, की मागे फिरणं फार अवघड होतं.

एचडीएफसीला अशी काळजी घेण्याचं आणखी एक कारण होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली, नेट बँकिंग आणि पेमेंट अडकली, आणि २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने नवीन क्रेडिट कार्डं देण्यावर आणि नव्या डिजिटल सेवांवर बंदी घातली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये.

डेटा पोचला, बँक पोचली नाही

रुजवात जुळली म्हणजे सुटलो, असंही नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला ५२ लाख ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टीमवर नेला. डेटा नीट पोचला. पण सोमवार उजाडेपर्यंत लोकांना खाती उघडेनात, आणि १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर अडकले. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला.

चौकशीत एक बाब अशी निघाली की वाचून हसावं की रडावं कळत नाही. नव्या सिस्टीमची दोन डेटा सेंटर होती आणि दोन्ही एकाच वेळी काम करणार होती. गर्दीचा भार झेपतो का, ही चाचणी मात्र एकाच सेंटरवर घेतली गेली होती. दुसरं तसंच असणार, असं धरून चालले.

२०२२ मध्ये बँकेला सुमारे ४.८६ कोटी पौंडांचा दंड झाला. पुढच्या वर्षी तिच्या माजी आयटी प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंड भरावे लागले. काम करणाऱ्या पुरवठादाराची खरंच तयारी झाली आहे का, हे त्याने पुरेसं तपासलं नाही, असा ठपका होता. पुरवठादार ‘तयार आहोत’ म्हणाला म्हणून भागत नाही, हे नियामकांनी दाखवून दिलं.

छोट्या बँकेची टाकी दुसऱ्याच्या गच्चीवर

इथवर मोठ्या बँकांची गोष्ट झाली. त्यांच्याकडे स्वतःचं डेटा सेंटर असतं. पण भाईंदरमध्ये खातं असलेल्या अनेकांची बँक छोटी सहकारी बँक असते. नागरी सहकारी बँका देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातच आहेत. यातल्या कित्येकांना स्वतःचं डेटा सेंटर बांधणं परवडत नाही, म्हणून त्या एखाद्या आयटी सेवा कंपनीच्या सामाईक सिस्टीमवर चालतात. बोर्ड वेगळा, पासबुक वेगळं, मॅनेजर वेगळा, टाकी एकच.

स्टेट बँक आणि टीसीएस यांनी मिळून उभारलेली सी-एज टेक्नॉलॉजीज ही अशीच कंपनी. सहकारी आणि ग्रामीण बँका हे तिचे मुख्य ग्राहक. ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे एचडीएफसीच्या अपग्रेडनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा एनपीसीआयने जाहीर केलं की सी-एजच्या काही सिस्टीमवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा आणि तो पसरू नये म्हणून कंपनीला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आहे. जवळजवळ ३०० छोट्या बँकांचे ग्राहक एका झटक्यात यूपीआय आणि एटीएमच्या बाहेर फेकले गेले. दुसऱ्या दिवशी, तपासणी करून जोडणी पुन्हा सुरू झाली. देशाच्या एकूण पेमेंटमध्ये या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, अशा बातम्या तेव्हा आल्या. ज्याचं खातं त्या अर्ध्या टक्क्यात होतं त्याच्यासाठी मात्र तो शंभर टक्के होता.

तरी छोट्या बँकांनी पुन्हा आपापली पिंपं भरायला घ्यावीत, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. वीस माणसांच्या बँकेला चोवीस तास पहारा देणारी सुरक्षा टीम ठेवता येत नाही, सामाईक कंपनीला येते. रिझर्व्ह बँकेने हे ओळखून ऑक्टोबर २०२३ पासून आयटी आउटसोर्सिंगचे नियम लागू केले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे त्याचं सूत्र.

रॅन्समवेअरमुळे आणखी एक गैरसमज उघडा पडतो. डेटा तीन ठिकाणी आहे म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. पण मुख्य साठ्यातल्या फाइल कुणी कुलूपबंद केल्या, तर ‘तंतोतंत नक्कल’ करणारी यंत्रणा तेच कुलूप इमानेइतबारे दुसरीकडेही लावते. टाकीत घाण पडली तर ती सगळ्या नळांना येणार. म्हणून एक प्रत अशी लागते, जी एकदा लिहिली की ठरावीक काळ कुणालाच, अगदी सिस्टीमच्या ॲडमिनलाही बदलता येत नाही आणि जी रोजच्या जाळ्याला जोडलेली नसते. आणि ती प्रत परत चढवून बघितली पाहिजे. कधीच उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे कधीच न चालवलेला जनरेटर.

आणि जुन्या डिस्क?

नवी टाकी चालू झाली की जुनी पिंपं भंगारात जातात. अपग्रेडचा हा शेवटचा टप्पा कंटाळवाणा, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. मॉर्गन स्टॅन्ली या जगातल्या बड्या वित्तीय कंपनीने डेटा सेंटरमधल्या जुन्या डिस्क काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा पुसण्याचा अनुभव शून्य. डिस्क पुढे विकल्या गेल्या आणि काही तर ऑनलाइन लिलावात पोचल्या, ग्राहकांच्या माहितीसकट. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती सांभाळण्यात हलगर्जीपणा केला म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीला ३.५ कोटी डॉलर भरावे लागले. फाइल डिलीट केल्याने ती जात नाही. डिस्क नीट पुसावी लागते, नाहीतर चुरा करावी लागते, आणि प्रत्येक डिस्कच्या नंबरनिशी त्याचा दाखला घ्यावा लागतो.

तुमचे पैसे मधेच लटकले तर

अपग्रेड असो की बिघाड, ग्राहकाच्या हातात एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोर पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पैसे अडकले किंवा एटीएममधून नोटा न निघता रक्कम कापली गेली, तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची आहे. व्यवहाराचा नंबर आणि मेसेजचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवा.